मापाचं हेल्मेट

मी हेल्मेट बोलतोय. घाबरू नका, मला डोक्यावर घ्या म्हणून सांगायला आलेलो नाही. तसं सांगणाऱ्यांचं कोल्हापुरात काय होतं ते मी पाहिलंय. तुम्ही नुसतं ऐका.

रंग काळा, वजन साडेआठशे ग्रॅम, नंबर चारशे बारा. नंबर पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलाय आणि त्यातला दोन जरा ओघळलाय. माझ्याबद्दल याहून जास्त कुणी कधी विचारलं नाही, म्हणून स्वतःच सांगायला बसलोय.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. त्या दिवशी आम्ही अकराशे भावंडं जन्मलो आणि संध्याकाळपर्यंत खोक्यांत गेलोसुद्धा, त्यामुळे बारसं वगैरे झालं नाही. परीक्षा मात्र झाली. आमच्यातल्या दोघांना उचलून उंचावरून लोखंडी ठोकळ्यावर आपटलं. ते दोघं पास झाले, म्हणून आम्ही सगळे पास झालो. पास झालेल्या त्या दोघांना मग भंगारात टाकलं. आमच्या कुळात यश म्हणतात ते हे.

तसं का, तेही सांगतो. बाहेरून चकचकीत दिसतं ते कवच म्हणजे माझा सदरा. खरा मी आत आहे, पांढऱ्या फोमचा. माणसाचं डोकं आपटलं की फोम चुरडतो आणि डोकं वाचतं. चुरडलेला फोम परत फुगत नाही. म्हणजे नोकरी एकदाच करायची आणि त्याच दिवशी घरी बसायचं. खोक्यात पडल्या पडल्या आम्ही एकमेकांना विचारायचो, आपल्या वाट्याला कुणाचं डोकं येईल? कुणी म्हणायचं डॉक्टरचं, कुणी म्हणायचं नवरदेवाचं.

माझ्या वाट्याला कोल्हापूर आलं.

शहरात एका कंपनीनं भाड्याच्या इलेक्ट्रिक गाड्या आणल्या होत्या. मोबाईलवरून गाडी सुरू करायची, हवी तिथं जायचं, कामं उरकायची आणि गाडी जवळच्या स्टँडवर सोडून द्यायची. किक नाही, गिअर नाही, पेट्रोल नाही, आवाज नाही. आवाज नाही म्हटल्यावर पहिले आठ दिवस लोकांना ती गाडी वाटेचना. परवाना देताना परिवहन खात्यानं अटी घातल्या होत्या. दर गाडीमागे एक हेल्मेट हवं. गाडी नेणाऱ्याचा हेल्मेट घातलेला फोटो काढल्याशिवाय गाडी सुरू होता कामा नये. आणि एका स्टँडवरून निघालेले लोक वर्षात तीनदा हेल्मेटाविना सापडले, तर तो स्टँड बंद आणि तिथला माणूस कामावरून कमी.

मला रंकाळ्याच्या काठावरचा स्टँड मिळाला. सात गाड्या, सात हेल्मेटं, एक पत्र्याची छत्री, एक खुर्ची. तिथला माणूस म्हणजे मेहमुदा.

मेहमुदाचं वय चाळिशीचं. रोज सकाळी ती आम्हा सातही जणांना आतून फडक्यानं पुसायची आणि उन्हात पालथं घालायची. तिच्या नवऱ्याचं, इकबालचं, लक्ष्मीपुरीत गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान होतं. पण नव्या गाड्या कारखान्यातूनच शिवलेल्या सीटसकट यायला लागल्या आणि दुकानात गिऱ्हाइकापेक्षा इकबालच जास्त बसायला लागला. मुलगी तमन्ना जयसिंगपूरला नर्सिंग शिकत होती. घर चालत होतं ते मेहमुदाच्या या खुर्चीवर. खुर्चीला इकबालनं गादी शिवून दिली होती, लाल रेक्झिन, पिवळा दोरा, दुहेरी टीप. कंपनीच्या खुर्चीपेक्षा गादीच जास्त शोभायची.

आता माझी नोकरी. पहिल्या महिन्यात माझे जेवढे फोटो निघाले तेवढे लग्नातल्या नवऱ्याचेही निघत नसतील. गिऱ्हाईक यायचं, मला टोपीसारखं टाळूवर टेकवायचं, मोबाईलकडं बघून हसायचं, फोटो निघायचा, गाडी सुरू व्हायची, आणि मी खाली. तिथून पुढं मी जायचो कोपरावर. कोल्हापुरात लोक कोपराला फार जपतात. मला अंडी आणायला नेलंय. मला उशाला घेऊन एक गृहस्थ रंकाळ्याच्या कट्ट्यावर तासभर झोपलेत. एका बाईंनी माझ्यातून शेपूची जुडी नेली, तो वास चार दिवस माझ्यात होता आणि त्या चार दिवसांत माझा एकही फोटो निघाला नाही.

पोलीस दिसला की मात्र मी डोक्यावर. चौक ओलांडला की पुन्हा कोपर. मी याला अपमान म्हणत नव्हतो. नवीन माणसाला मुरायला वेळ लागतोच.

याच सुमारास शहरात हेल्मेटाच्या विरोधात मोर्चा निघाला. कोल्हापुरात कुठल्याही गोष्टीची कृती समिती आधी होते, गोष्ट मागाहून येते. मोर्चाला जायला एका कार्यकर्त्यानं आमच्याच स्टँडवरून गाडी नेली, त्यामुळे हेल्मेटविरोधी मोर्चात मीही कोपरावर बसून सामील झालो. तिथंच मी हंबीररावांना पहिल्यांदा पाहिलं.

हंबीरराव म्हणजे जुने पैलवान. वय अडुसष्ट, छाती अजून दारात आडवी. गंगावेशीतल्या तालमीचे वस्ताद. जुने जोडीदार सोडले तर नावानं त्यांना कुणी हाक मारत नसे, सगळे वस्तादच म्हणत. त्यांचे दोन्ही कान मोडलेले होते. तालमीतल्या मातीत वर्षानुवर्षं रगडून पैलवानांचे कान असे मोडतात, सुजतात आणि मग तसेच कडक गोळा होऊन राहतात. बाकीच्या गावांत त्याला व्यंग म्हणतील. कोल्हापुरात ती पदवी आहे.

ट्रॉलीवर उभं राहून वस्ताद म्हणाले, "ह्ये कान बघा. सतरा वर्सं मातीत मोडल्यात. आन आता म्हणत्यात, झाका. कान झाकल्यावर पैलवान कोन आन पोस्टमन कोन, कसं वळखायचं वो?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. गर्दीत एक पोस्टमन होता, तोही टाळ्या वाजवत होता.

तेच वस्ताद चार दिवसांनी आमच्या स्टँडवर येऊन उभे राहिले. राहायला ते रंकाळ्यामागच्या गल्लीत, तालीम गंगावेशीत. संध्याकाळी पाचला तालमीत जायचं, खुर्ची टाकून बसायचं, पोरांना डाव सांगायचे आणि मग दूध कट्ट्यावर म्हैस पिळतात तिथं जोडीदारांबरोबर उभ्यानं फेसाळ दुधाचा ग्लास रिचवायचा. त्यांचा दिवस त्या दोन तासांसाठी उगवायचा. पण उजवा गुडघा पार गेला होता. बुलेट होती, तिला किक मारवेना म्हणून विकली. रिक्षात शिरायला गुडघा दुमडावा लागतो, तो दुमडत नव्हता. चालत जायचं तर तास जायचा आणि पोचल्यावर बोलायला दम उरायचा नाही. तीन महिने ते घरातच बसून होते. मग कुणीतरी या गाडीचं सांगितलं. हिच्यावर पाय पुढं लांब सोडून बसता यायचं. सात मिनिटांत तालीम, आणि विकत घ्यायची ऐपत नसली तरी भाडं परवडणारं.

"पोरी, गाडी काढ," वस्ताद म्हणाले.

मेहमुदानं मला पुढं केलं. "वस्ताद, हेल्मेट."

"फोटूपुरतं व्हय? आण."

तिला त्यांच्याशी वाद घालणं शक्य नव्हतं. तिचे अब्बा आणि वस्ताद एकाच तालमीतले, एका ताटात जेवलेले. अब्बा गेले तेव्हा खांदा द्यायला पुढं हेच होते. बापाच्या जोडीदाराला गाडी देत नाही म्हणायचं, हे तिच्या जिभेला जमेना. फोटो निघाला, मी हँडलला अडकलो आणि वस्ताद निघाले.

खोड अशी की बाकीचे लोक पोलीस दिसला की मला घालायचे. वस्ताद पोलीस दिसला की मान ताठ करायचे. लपवाछपवी त्यांना ठाऊकच नव्हती. पंधरा दिवसांत पहिली नोंद झाली. महिन्याभरानं चौकातल्या कॅमेऱ्यानं दुसरी केली. दंडाचा कागद वस्तादांच्या घरी गेला, तो त्यांनी भरून टाकला. स्टँडवरच्या नोंदीचा कागद मेहमुदाकडं आला, तो तिनं खुर्चीच्या गादीखाली ठेवला. वस्तादांना ती एका शब्दानं बोलली नाही. आता एक नोंद झाली की खुर्ची गेली. त्या कागदांवर बसून ती रोज त्यांची वाट बघायची, आणि ते गंगावेशीत पोचले असतील त्या वेळेपर्यंत तिचा चहा निवायचा.

एकदा तिनं धीर केला. "वस्ताद, माज्यासाठी एवढं घाला की. पोचस्तवर."

वस्तादांनी तिच्याकडं पाहिलं आणि मला दोन्ही हातांनी धरून खाली ओढलं. मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण डोक्यावर बसलो. आणि त्याच क्षणी मला कळलं की भाषणातलं कारण खरं नव्हतं. माझ्यात कानांना जागाच नव्हती. ते कडक गोळे माझ्या अस्तरात चिरडले गेले, वस्तादांचा जबडा आवळला गेला आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. तसेच रंकाळा टॉवरपर्यंत गेले, तिथं गाडी बाजूला घेतली आणि मला काढलं. ज्या माणसानं आयुष्यभर पाठ मातीला लागू दिली नाही, त्यानं हेल्मेट दुखतं म्हणून कसं सांगायचं? त्यापेक्षा मोर्चा काढणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी पुसताना मेहमुदाला माझ्या अस्तरावर रक्ताचा ठिपका दिसला. तिनं फडकं खाली ठेवलं. मला पिशवीत घातलं आणि दुपारच्या सुट्टीत लक्ष्मीपुरीत घेऊन गेली.

इकबालनं मला उलटंपालटं केलं, आत हात घालून चाचपलं. त्याच्या हातात खूप दिवसांनी काम आलं होतं, हे मला त्या बोटांवरून कळलं.

"माप लागंल," तो म्हणाला. "माप घेतल्याबिगर मी सायकलची सीट शिवत न्हाई. ह्ये तर वस्तादांचं डोस्कं हाय."

संध्याकाळी इकबाल टेप घेऊन स्टँडवर हजर. वस्ताद आले तेव्हा त्यानं आधी नमस्कार केला, मग भीत भीत कानाकडं बोट दाखवलं. मला वाटलं, आता याला उचलून रंकाळ्यात फेकतात. पण शिंप्यासमोर माणूस आपोआप सरळ उभा राहतो. वस्तादही राहिले.

"डावा जरा मोठा हाय," इकबाल टेप बघत म्हणाला.

"डाव्या अंगावर जास्त लढलो," वस्ताद म्हणाले. त्यांना ते विचारल्याचं बरं वाटलं होतं.

आता झालेली चूक सांगतो. यात कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. ब्लाऊज घट्ट झाला की आपण उसवतो, चप्पल चावली की मोच्याकडं टाकतो. कोल्हापूरची चप्पल पायाच्या मापानंच होते, मग हेल्मेट डोक्याच्या मापानं का होऊ नये? मेहमुदा, इकबाल आणि वस्ताद तिघांनाही यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. इकबालनं धारदार पात्यानं माझा दोन्ही बाजूंचा फोम वाटीसारखा कोरून काढला, त्या जागी मऊ स्पंज घातला आणि वर रेक्झिनचे दोन खिसे शिवले. लाल रेक्झिन, पिवळा दोरा, दुहेरी टीप. मला दुखलं नाही. पण मी मघाशी सांगितलं, फोम म्हणजेच मी. दोन्ही बाजूंनी थोडा थोडा मी त्या दुकानाच्या केरात गेलो.

तक्रार नाही. कारण त्या संध्याकाळी वस्तादांनी मला घातलं आणि त्यांचे कान त्या खिशांत असे जाऊन बसले, जसे काही तिथंच राहायला होते. त्यांनी मान डावीकडं वळवली, उजवीकडं वळवली.

"इकबाल, काय शिवलंस रं गड्या!" ते म्हणाले.

इकबालला एवढ्यानं रडू आलं. तो पाठ फिरवून टेप गुंडाळत राहिला.

त्यानंतर बावीस दिवस वस्तादांनी मला स्टँडपासून तालमीपर्यंत एकदाही काढलं नाही. मी चौक डोक्यावरून पाहिले. वारा अंगावर घेतला. तालमीत पोरांनी तोंड लपवून हसून घेतलं, वस्तादांनी हसणाऱ्यांना शंभर जोर जास्त मारायला लावले. मेहमुदा चहा गरम पिऊ लागली. ते बावीस दिवस माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस होते.

तेविसाव्या दिवशी परिवहन खात्याची तपासणी आली.

पूर्वीचे तपासनीस यायचे, सात गाड्या, सात हेल्मेटं मोजायचे आणि जायचे. या वेळी संघर्ष कांबळे नावाचा नवा अधिकारी आला. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, चहा नको म्हणणारा. असा अधिकारी चांगला असतो, म्हणून त्याची भीती वाटते. त्यानं एकेक हेल्मेट पालथं केलं. शिक्का पाहिला, पट्टा ओढून पाहिला, आत बोटं फिरवली. माझ्या आत बोटं गेली आणि थांबली.

पावणेपाच झाले होते. वस्ताद नुकतेच येऊन छत्रीखाली उभे होते.

"हे कुणी कापलं?" संघर्षनं विचारलं.

मेहमुदा म्हणाली, "कापलं म्हणजे, साहेब, जरा मापात केलंय."

"बाई, आतला फोम काढलाय. छेडछाड केलेलं हेल्मेट म्हणजे हेल्मेटच नाही, असं नियमात लिहिलंय. ही गाडी रोज भाड्यानं गेलीय. म्हणजे हेल्मेटाविना." त्यानं हातातली वही उघडली. "आधीच्या दोन आहेत. ही तिसरी. स्टँड बंद करायला लागेल. तुमचंही काम..."

पुढचं तो बोलला नाही. तेवढं सौजन्य त्याच्याकडं होतं.

वस्ताद पुढं झाले. "पावणं, आदीच्या दोन कुनाच्या?"

संघर्षनं वहीत पाहिलं. "हंबीरराव म्हणून कुणी आहेत. दोन्ही त्यांच्याच."

वस्तादांनी मेहमुदाकडं पाहिलं. ती खाली बघत होती. दोन महिने ही पोरगी आपल्याला गाडी काढून देत होती आणि आपण तिची खुर्ची काढून घेत होतो, हे त्यांना तिथं उभ्या उभ्या कळलं. त्यांना ते किती लागलं ते मला सांगता यायचं नाही. तालमीत पाठीवर पडलेल्या पोराचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला होता, आणि तो मला बघवेना.

"आन समजा," ते सावकाश म्हणाले, "गिऱ्हाइकानंच कापलं आसंल तर?"

"मग नोंद स्टँडवर होत नाही. गिऱ्हाइकावर होते. त्याचं खातं कायमचं बंद. त्याला पुन्हा या गाड्या मिळत नाहीत, कुठल्याच स्टँडवर."

"कायमचं म्हंजे?"

"कायमचं."

वस्तादांनी गंगावेशीच्या दिशेला एकदा बघितलं. पाच वाजत आले होते, पोरं लंगोट कसून त्यांची वाट बघत असणार.

"मग लिवा," ते म्हणाले. "हंबीरराव म्हंजे मीच. मी कापलंय."

"न्हाई, साहेब!" मेहमुदा ताडकन उठली. "वस्ताद काय बी बोलत्यात. माजं ऐका तुमी..."

"पोरी, मोठी मानसं बोलत्यात हितं. खाली बस."

ती बसली नाही. संघर्षनं मला पुन्हा हातात घेतलं. खिशांवरची टीप अंगठ्यानं चाचपली. ती टीप कुठल्याही वस्तादाच्या हातची नव्हती, ती ओळ इतकी सरळ होती की पट्टी ठेवून मारल्यासारखी.

"शिवणकाम येतं तुम्हाला?"

"लंगोट आमचं आमीच शिवतो की," वस्ताद म्हणाले.

संघर्षची नजर तिथून खुर्चीकडं गेली. मेहमुदा उठली होती, त्यामुळे गादी मोकळी दिसत होती. लाल रेक्झिन, पिवळा दोरा, दुहेरी टीप. तो गादीकडं पाहत राहिला. मग माझ्याकडं. मग गादीकडं. मला दरदरून घाम फुटला असता, पण ती सोय माझ्यात नाही.

"बाई," तो म्हणाला, "बसा तुम्ही खुर्चीवर."

मेहमुदा बसली. गादी झाकली गेली. त्यानं वहीत लिहिलं आणि लिहिताना मोठ्यानं वाचलं, "हेल्मेट क्रमांक चारशे बारा, गिऱ्हाइकानं परस्पर कापलं. कापणारा हंबीरराव. कबूल केलं. सही."

वस्तादांनी सही केली. आयुष्यात कधी खोटी सही न केलेल्या माणसाची खोटी सही मी एवढ्या जवळून पहिल्यांदाच पाहत होतो. ती ठळक, मोठी आणि सावकाश केलेली होती.

"आता हे स्टँडवर ठेवता येणार नाही," संघर्ष म्हणाला. "भरपाई भरा आणि घेऊन जा. नाहीतर आमच्या कपाटात पडून राहील."

वस्तादांनी भरपाई भरली आणि मला घेतलं. संघर्ष आपल्या मोटरसायकलवर बसला, स्वतःचं हेल्मेट घातलं, पट्टा लावला आणि गेला.

मेहमुदाचा फोन मिळून इकबाल धावत आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. मेहमुदानं त्याला जेमतेम सांगितलं. तो ऐकून जागच्या जागी खाली बसला. "माज्या हातानं झालं ह्ये," तो म्हणत राहिला. मग उठला. "वस्ताद, माजी स्कूटर हाय. रोज मी सोडतो तुमाला. रोज. मागं बसा फकस्त."

"मागं बसून तालमीत गेलो तर पोरं धरून उतरवतील रं," वस्ताद म्हणाले. "वस्तादाला धरून उतरवलेलं एकदा पोरांनी बघितलं, की संपलं."

"मग जानार कसं तुमी?"

"पाय हायती की."

मेहमुदा रडत होती आणि लपवतही नव्हती. "माज्या एका खुर्चीपायी तुमी..."

"तुज्या बापानं मला एकदा खांद्यावर बसवून गंगावेशीत फिरवलता," वस्ताद म्हणाले. "अडीच मैल. त्याचा पाय मुरगळला हुता त्या दिवशी. मला घरला गेल्यावर सांगितलं त्यानं."

एवढं बोलून त्यांनी मला डोक्यावर चढवलं. पट्टा लावला. आणि चालायला लागले.

मला काही कळेना. पायी चालणाऱ्याला हेल्मेटाची सक्ती नाही. बंदीही नाही, कारण तसं कुणी करेल असं नियम लिहिणाऱ्यांच्या डोक्यात आलं नसावं. रस्त्यावरचे लोक थांबून बघू लागले. एका रिक्षावाल्यानं ओरडून विचारलं, गाडी चोरीला गेली का काय. वस्ताद चालत राहिले. उजवा पाय टाकताना दर वेळी एक कळ गुडघ्यातून वर यायची आणि जबड्यापाशी थांबायची, तिथं मी होतो, म्हणून मला ठाऊक. मध्ये तीनदा भिंतीला हात टेकून उभे राहिले. तालमीत पोचायला सव्वासहा झाले. पोरं जोर मारायची थांबली. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

नंतर दूध कट्ट्यावर त्यांच्या जोडीदारानं, भाऊसोनं, ग्लास पुढं करत विचारलं, "हंबीर, गाडी कुठाय?"

"सोडली."

"मग ह्ये डोस्क्यावर कशापायी?"

वस्तादांनी दुधाचा घोट घेतला. मिशीचा फेस पुसला.

"मापाचं शिवून दिलंय एका गड्यानं," ते म्हणाले. "काढून ठिऊ व्हय?"

भाऊसोनं त्यांचा ग्लास पुन्हा भरून आणला.

याला आता आठ महिने झाले. मी वस्तादांच्या घरी खुंटीवर असतो. आता ते चार वाजताच निघतात. स्टँडसमोरून जाताना मेहमुदा उठून उभी राहते, ते हात वर करतात, थांबत नाहीत. थांबलं की पुन्हा चालायला लागणं अवघड जातं. इकबाल पंधरा दिवसांनी एकदा येतो, खिशांतला स्पंज दबला की बदलतो आणि मजुरीचं नाव काढलं की पळून जातो. खरी गोष्ट कट्ट्यावर कुणाला ठाऊक नाही. वस्तादांनी सांगितलेली नाही. मी सांगतोय, कारण मला कुणी गप्प बस म्हणालेलं नाही.

माझं एक मागणं आहे. चार ते पाचच्या सुमाराला रंकाळ्यावरून गंगावेशीकडं येत असाल आणि हेल्मेट घालून पायी निघालेला एक दांडगा म्हातारा पुढं दिसला, तर हसायचं असेल तर हसा, आम्हाला सवय आहे. पण मागून हॉर्न वाजवू नका आणि घसटून जाऊ नका. त्यांना पटकन बाजूला होता येत नाही. आणि डोक्यावर हेल्मेट आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. दोन्ही कानांच्या जागी मी कापलेला आहे. तिथं काही लागलं तर माझ्याच्यानं व्हायचं नाही, तेवढं तुम्हीच सांभाळा.